कम्युनिटी कॉलेजातील रेडिओग्राफी अभ्यासक्रम: दोन वर्षांनंतरचे परीक्षण

अमेरिकेतील एका कम्युनिटी कॉलेजातून रेडिओग्राफीचा, म्हणजे क्ष-किरण प्रतिमा घेण्याचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम मी गेल्या मे महिन्यात पूर्ण केला. त्यानंतर अमेरिकन रजिस्ट्री ऑफ रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजिस्ट्स, म्हणजे एआरआरटी, या संस्थेची परीक्षा उत्तीर्ण होऊन आता एका रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात मी काम करते आहे. लग्नानंतर इकडे आलेल्या, भारतातील विज्ञानाची पदवी हाताशी असलेल्या आणि पुढे नेमके काय शिकावे या विचारात असलेल्या कितीतरी मराठी मैत्रिणींनी मला या शिक्षणाविषयी विचारले आहे. फोनवर प्रत्येकीला थोडे थोडे सांगण्यापेक्षा सगळे एकदा नीट लिहून ठेवावे असे वाटले. कॉलेजचे नाव मी देत नाही, कारण काही तक्रारी लिहायच्या आहेत आणि त्या तक्रारींचा मोठा भाग इतर कॉलेजांच्या विद्यार्थ्यांकडूनही मी ऐकला आहे.

माझे मत आधीच सांगते. खर्चाच्या मानाने हे शिक्षण फार चांगले आहे, परंतु त्याचा कस वर्गात लागत नाही. कॉलेज तुम्हाला कोणत्या रुग्णालयात पाठवते, तिथे तुमच्या शेजारी कोण उभे राहते आणि किती प्रकारचे रुग्ण तुमच्या हाताखालून जातात, यावर तो लागतो. प्रवेश घेण्यापूर्वी मी कॉलेजची इमारत पाहिली, प्रयोगशाळा पाहिली, शुल्क विचारले. रुग्णालयांची यादी मात्र विचारली नाही. तो प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा होता.

प्रवेशाची वाट अपेक्षेपेक्षा लांब निघाली. भौतिकशास्त्रातील माझ्या बी.एस्सी. पदवीचे मूल्यांकन करून घेतल्यावर इंग्रजी आणि गणिताचे काही श्रेयांक मान्य झाले, पण शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राचे दोन्ही भाग इथे नव्याने करावे लागले. त्यासोबत वैद्यकीय परिभाषेचा एक विषय आणि प्रवेश परीक्षा होती. जागा मोजक्याच असल्यामुळे गुणांकनावर निवड होते. माझ्या तुकडीत अठरा जणांना प्रवेश मिळाला आणि शेवटपर्यंत तेराजण राहिले. मध्येच सोडून गेलेल्या पाचजणांपैकी दोघांना अभ्यास झेपला नाही. उरलेल्या तिघांना नोकरी सांभाळून वेळापत्रक जमले नाही. निवड झाल्यावर पार्श्वभूमीची पडताळणी, अमली पदार्थांची चाचणी, लसीकरणाचे पुरावे आणि जीवरक्षणाचे (सीपीआर) प्रमाणपत्र हे सगळे रुग्णालयात पाऊल ठेवण्यापूर्वी पूर्ण करावे लागते. लहानपणीच्या लसीकरणाचे कार्ड माझ्यापाशी नव्हते, त्यामुळे रक्त तपासून प्रतिकारशक्ती सिद्ध करण्यात तीन आठवडे गेले. भारतातून आलेल्यांनी हे काम आधीच उरकून घ्यावे.

कॉलेज निवडताना एक गोष्ट कोणीही घरबसल्या तपासू शकते. रेडिओग्राफीच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी जॉइंट रिव्ह्यू कमिटी ऑन एज्युकेशन इन रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजी, म्हणजे जेआरसीईआरटी, ही संस्था मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना तीन आकडे जाहीर करायला लावते: पहिल्याच प्रयत्नात परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण, वर्षभरात नोकरी मिळणाऱ्यांचे प्रमाण आणि अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण. पहिल्या दोन्हींची पाच वर्षांची सरासरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ नये अशी अट आहे. माझ्या मते तिसरा आकडा सर्वांत बोलका असतो, कारण कच्चे विद्यार्थी परीक्षेपूर्वीच गळाले तर उत्तीर्णांचे प्रमाण आपोआप सुंदर दिसते. एआरआरटीच्या परीक्षेला बसण्यासाठी जेआरसीईआरटीची मान्यता हा एकमेव मार्ग नाही, तरीही हे आकडे उघडपणे न मांडणाऱ्या संस्थेत मी प्रवेश घेतला नसता.

पहिल्या सत्रात आठवड्याचे दोन दिवस वर्ग आणि प्रयोगशाळा असत. दुसऱ्या सत्रापासून त्यात तीन दिवस रुग्णालयाची भर पडली. वर्ग आणि रुग्णालय मिळून आठवड्याला ४० तासांपेक्षा अधिक वेळ विद्यार्थ्याकडून घेता येत नाही, हा नियम आमच्याकडे काटेकोर पाळला गेला. पण घरी करायचा अभ्यास त्या चाळीस तासांत मोजला जात नाही, ही गोष्ट लहान मुले असलेल्या आयांनी ध्यानात ठेवावी.

प्रयोगशाळेतील शिक्षणाला मी पूर्ण गुण देते. आपल्याकडे एक्स-रेला सरसकट ‘फोटो’ म्हणतात. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, ‘छातीचा फोटो काढून या.’ तो शब्द डोक्यात घेऊनच मी इथे आले होते, आणि यंत्रासमोर माणूस उभा केला, कळ दाबली की काम झाले असे मला खरोखरच वाटत होते. पहिल्या महिन्यातच आमच्या बाईंनी छातीच्या दहा प्रतिमा भिंतीवर लावल्या आणि त्यांपैकी कोणत्या स्वीकारायच्या ते विचारले. मी नऊ स्वीकारल्या. त्यांनी तीनच ठेवल्या. मग एकेका प्रतिमेपाशी उभे राहून त्यांनी समजावले की दोन्ही गळपट्टीच्या हाडांची आतली टोके कण्यापासून सारख्या अंतरावर नसतील तर रुग्ण किंचित वळलेला होता; श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या, वर मागच्या बाजूच्या दहा फासळ्या मोजता येत नसतील तर त्याने पुरता श्वास घेतलेला नव्हता; खांदे पुढे झुकवले नसतील तर खांद्याची पाती फुप्फुसांवर येऊन बसतात आणि त्यांच्याआड गाठ लपू शकते. त्यानंतर दर शुक्रवारी दोन तास हीच प्रतिमा-परीक्षा चाले आणि आम्ही रुग्णालयात स्वतः काढलेल्या, नाव-ओळख पुसलेल्या प्रतिमा तिथे सर्वांसमोर मांडल्या जात. कोपराच्या बाजूच्या प्रतिमेत हात नेमका नव्वद अंशांत वाकलेला नसेल तर सांध्यातील चरबीच्या सावलीवरून अस्थिभंगाचा अंदाज घेता येत नाही. गुडघ्याच्या बाजूच्या प्रतिमेत किरण सोडणारी नळी पाच ते सात अंश डोक्याकडे कलवली नाही तर मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचे दोन्ही उंचवटे एकमेकांवर येत नाहीत. ही माहिती पुस्तकातही असते, पण आपण स्वतः काढलेली प्रतिमा बाराजणांच्या डोळ्यांदेखत चुकीची ठरते तेव्हा ती कायमची लक्षात राहते. दोन वर्षांच्या शुल्कातील सर्वांत सार्थकी लागलेला भाग कोणता असे कोणी विचारले, तर मी या शुक्रवारांकडे बोट दाखवीन.

भौतिकशास्त्राच्या बाबतीत मात्र माझी निराशा झाली. माझा स्वतःचा विषय असल्यामुळे कदाचित माझी अपेक्षा अधिक असेल. वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी लावलेल्या क्ष-किरणांच्या शोधापासून सुरुवात छान झाली, पण नळीच्या आत इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळतात तेव्हा नेमके काय होते, या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या प्रकरणाला दोन तासिका मिळाल्या. उलट, फिल्म रसायनात धुण्याच्या प्रक्रियेवर, जी मला एकाही रुग्णालयात पाहायला मिळाली नाही, पूर्ण आठवडा गेला. गणित सूत्रांच्या यादीसारखे शिकवले गेले. किलोव्होल्टेज, म्हणजे नळीचा विद्युतदाब, १५ टक्क्यांनी वाढवले की ग्राहकावरचा, म्हणजे किरण टिपून प्रतिमा बनवणाऱ्या पाटीवरचा, परिणाम सुमारे दुप्पट होतो, म्हणजे ८० चे ९२ करणे हे मिलिअँपिअर-सेकंद, म्हणजे किरणांचे प्रमाण, दुप्पट करण्यासारखे, हे सर्वांना पाठ होते. ते असे का, हे सांगू शकणारे तिघे-चौघे होते. अंतराच्या वर्गाचा नियमही असाच. नळी ४० इंचांवरून ७२ इंचांवर नेली की किरणांची तीव्रता एकतृतीयांशाहून थोडी कमी उरते. मग छातीची प्रतिमा ७२ इंचांवरून आणि पाठीकडून किरण टाकूनच का घेतात? हृदय छातीच्या पुढच्या बाजूला असते. छाती ग्राहकाला टेकवली आणि नळी दूर ठेवली की हृदयाची सावली फुगत नाही. हे दोन तुकडे जोडून दाखवायला पाच मिनिटे पुरली असती. शेवटी आम्ही काहीजणी शनिवारी वाचनालयात जमून एकमेकींना शिकवू लागलो.

दुसरी त्रुटी अधिक गंभीर होती. पुनरुत्पादक अवयवांवर शिशाचे आच्छादन ठेवायचे हे आम्हाला पहिल्या सत्रात नियम म्हणून शिकवले गेले आणि त्यावर परीक्षेत गुणही होते. वास्तविक, वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या अमेरिकन संघटनेने, एएपीएमने, एप्रिल २०१९ मध्येच ही प्रथा थांबवावी असे निवेदन काढले होते आणि किरणोत्सर्ग संरक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेने, एनसीआरपीने, जानेवारी २०२१ मध्ये तशीच शिफारस केली. आच्छादन जिथे हवे तिथे क्वचितच नीट बसते, पाहायचा भाग झाकते, पुरेसे किरण पोचताच ते बंद करणाऱ्या स्वयंचलित नियंत्रकाच्या वर आले तर यंत्र उलट किरणांची मात्रा वाढवते आणि शरीराच्या आत विखुरणाऱ्या किरणांना ते अडवूही शकत नाही. मी पहिल्या रुग्णालयात आच्छादन शोधू लागले तेव्हा तिथल्या टेक्नॉलॉजिस्टने शांतपणे ते बाजूला ठेवायला सांगितले. रुग्णांना मात्र अजून आच्छादन हवे असते, विशेषतः मुलांच्या आयांना, आणि त्यांना हे सारे दोन वाक्यांत, त्यांची भीती न दुखावता, कसे सांगावे याचा एकही पाठ आम्हाला कोणी दिला नाही. जी गोष्ट सर्वाधिक वेळा बोलावी लागते तिचाच सराव राहून गेला.

आता रुग्णालयाविषयी, आणि इथे मी अधिक वेळ घेणार आहे.

एआरआरटीच्या माझ्या वेळच्या नियमांनुसार परीक्षेला पात्र होण्यासाठी रुग्णसेवेची १० कौशल्ये, ३६ अनिवार्य तपासण्या आणि ३४ च्या यादीतून निवडलेल्या १५ ऐच्छिक तपासण्या विद्यार्थ्याने स्वतः करून दाखवाव्या लागतात. रुग्णसेवेच्या कौशल्यांत रक्तदाब, नाडी, श्वसन, शीर शोधून सुई लावणे, रुग्णाला खाटेवरून टेबलावर सुरक्षित हलवणे अशी कामे येतात. ऐच्छिक तपासण्यांत डोक्याच्या भागाची किमान एक आणि फ्लुरोस्कोपीच्या, म्हणजे चालत्या क्ष-किरण प्रतिमेच्या, किमान दोन असाव्याच लागतात. रोजच्या बोलीत प्रत्येक यशस्वी तपासणीला ‘कॉम्प’ म्हणतात आणि चौथ्या सत्रापर्यंत सगळ्या वर्गाच्या तोंडी तोच एक शब्द असतो: तुझे किती कॉम्प झाले? गंभीर अपघातांचे रुग्ण घेणाऱ्या मोठ्या आघात-केंद्रात पाठवलेल्या विद्यार्थिनीला एका रात्रीत जे दिसते ते लहान गावच्या रुग्णालयात दोन महिन्यांत दिसत नाही. रुग्णालयातील पहिली दोन सत्रे मला असेच एक छोटे रुग्णालय मिळाले. छाती, मनगट, घोटा यांचे कॉम्प भराभर झाले, पण पचनमार्ग दिसावा म्हणून बेरियम देऊन करायच्या तपासण्या तिथे आठवड्यातून जेमतेम एखादी होत आणि शस्त्रक्रियागृहातील सी-आर्म, म्हणजे अर्धवर्तुळाकार हाताचे फिरते क्ष-किरण यंत्र, तर जवळपास नव्हताच. जागा बदलून मागितली तेव्हा ‘वाटप झाले आहे’ एवढेच उत्तर मिळाले. त्यानंतरच्या सत्रात केवळ सहा दिवसांची पूर्वसूचना देऊन मला घरापासून सव्वा तासाच्या अंतरावर पाठवण्यात आले. पाळणाघराची वेळ आणि माझी कामाची पाळी जुळेना. त्या सत्रात शेजारच्या काकूंनी मुलीला रोज सकाळी दीड तास सांभाळले नसते तर मी शिक्षण सोडले असते. कॉलेजकडे रुग्णालये मोजकी असतात, त्यांच्याशी करार असतात आणि एका वेळी एका टेक्नॉलॉजिस्टमागे एकच विद्यार्थी ठेवता येतो, हे सगळे मला मान्य आहे. पण वर्षभराचे वाटप सुरुवातीलाच जाहीर करणे आणि प्रत्येकाला किमान एक सत्र मोठ्या रुग्णालयात देणे अशक्य नव्हते.

असे असूनही मी या प्रशिक्षणाला चांगले का म्हणते, ते देखरेखीच्या नियमामुळे. एखाद्या तपासणीचा कॉम्प होईपर्यंत परवानाधारक टेक्नॉलॉजिस्ट खोलीत तुमच्यासोबत असायलाच हवा. कॉम्प झाल्यावर तो हाकेच्या अंतरावर असला तरी चालतो. परंतु प्रतिमा बिघडली आणि पुन्हा घ्यायची वेळ आली, तर तुम्ही ती तपासणी शंभर वेळा केलेली असली तरी टेक्नॉलॉजिस्टने प्रत्यक्ष येऊन शेजारी उभे राहावे लागते. पहिल्या वर्षी मला हा नियम अपमानास्पद वाटे. मग एका पहाटे खुब्याचे हाड मोडलेल्या एका वृद्ध बाईंची प्रतिमा घ्यायची होती. मोडलेला पाय हलवायचा नाही, म्हणून चांगला पाय उचलून धरायचा आणि किरण आडवे, मांडीच्या आतून टाकायचे, अशी ती पद्धत आहे. माझी पहिली प्रतिमा वाया गेली. मांडीच्या हाडाची मान, म्हणजे खुब्यालगतचा अरुंद भाग, पुरती दिसली नाही. मी घाबरून ग्राहक थोडा सरकवून लगेच पुन्हा घ्यायला निघाले होते. ज्येष्ठ टेक्नॉलॉजिस्ट आत आल्या, त्यांनी पहिली प्रतिमा माझ्याकडून वाचून घेतली आणि विचारले, ‘सरकवायचे काय आणि किती, हे आधी सांग.’ मला सांगता येईना. ग्राहक हाडाच्या मानेला समांतर नव्हता. तो सरकवून काहीच साधले नसते, फिरवायला हवा होता. दुसरी प्रतिमा नीट आली. त्या बाईंना तिसऱ्यांदा पाय उचलावा लागला नाही. त्या दिवसापासून पुन्हा घेण्याआधी ‘काय आणि किती’ हे स्वतःशी मोठ्याने म्हणण्याची सवय मला लागली आणि ती अजून टिकून आहे. डिजिटल ग्राहकावर जास्त मात्रेची प्रतिमाही छानच दिसते, त्यामुळे चूक डोळ्यांना टोचत नाही. अशा वेळी ही सवय रुग्णाच्या फार उपयोगाची आहे.

सगळेच टेक्नॉलॉजिस्ट असे शिकवत नाहीत. दुसऱ्या रुग्णालयात एकाने मला दोन आठवडे केवळ खोली पुसायला आणि रुग्ण आणायला लावले. तक्रार केल्यावर कॉलेजच्या समन्वयक बाईंनी तिसऱ्याच दिवशी येऊन माझी पाळी बदलली. याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला होता तो किरणांच्या भीतीचा, आणि बहुतेक मराठी घरांत तो येईलच. व्यवसायातील प्रौढ व्यक्तीसाठी इथे वर्षाला ५० मिलिसिव्हर्टची (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मर्यादा आहे. अमेरिकेत निसर्गातून प्रत्येकाला वर्षाला साधारण ३ मिलिसिव्हर्ट मिळतात आणि छातीच्या नेहमीच्या तपासणीत रुग्णाला सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट मिळतात. गळपट्टीशी लावलेल्या माझ्या मात्रामापकाचा (मिळालेले किरण मोजणाऱ्या बिल्ल्याचा) अहवाल दोन वर्षांत बहुतेक वेळा नोंदीच्या किमान पातळीखालीच राहिला. त्यामागे शिस्त आहे. फिरत्या यंत्राने खाटेवर प्रतिमा घेताना रुग्णापासून किमान सहा फूट दूर आणि किरणांच्या दिशेशी काटकोनात उभे राहायचे. सी-आर्मवर नळीच्या बाजूला न थांबता ग्राहकाच्या बाजूला थांबायचे, कारण विखुरलेले किरण नळीच्या बाजूला अधिक असतात. गरोदर राहिल्यास ते लेखी जाहीर करायचे की नाही, हे पूर्णपणे विद्यार्थिनीच्या इच्छेवर असते आणि जाहीर केल्यावर गर्भासाठी संपूर्ण काळात ५ मिलिसिव्हर्टची मर्यादा लागू होते. आमच्या तुकडीतील एक मुलगी गरोदरपणात शिकली आणि सर्वांसोबत पदवीधर झाली. कॉलेजने हा विषय पहिल्याच दिवशी, लेखी आणि कसलाही आडपडदा न ठेवता मांडला, याचे मला फार बरे वाटले.

खर्चाबाबत थोडक्यात: आधीचे विषय, शुल्क, पुस्तके, गणवेश आणि परीक्षा धरून माझे सुमारे साडेबारा हजार डॉलर गेले, पेट्रोल वेगळे. रुग्णालयातील कामाचा मोबदला मिळत नाही. कामगार खात्याच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजिस्टचे मध्यक वार्षिक वेतन ७३,४१० डॉलर होते. नव्याने लागलेल्याला त्याहून कमी मिळते.

परीक्षेत गुण धरले जाणारे २०० प्रश्न असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७५ हा श्रेणीबद्ध गुणांक लागतो, जो ७५ टक्क्यांशी एक नाही. तीन वर्षांत तीन प्रयत्न मिळतात. कॉलेजने शेवटच्या सत्रात घेतलेल्या सराव परीक्षा प्रत्यक्ष परीक्षेहून किंचित कठीणच होत्या. २०१५ पासून परीक्षेला बसण्यासाठी किमान असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची, पदवी लागते, तीही याच अभ्यासक्रमातून मिळते. त्यानंतर बऱ्याच राज्यांत वेगळा परवाना काढावा लागतो, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यात फ्लुरोस्कोपीसाठी आणखी एक. नोंदणी टिकवण्यासाठी दर दोन वर्षांनी २४ श्रेयांकांचे पुढील शिक्षण आहेच. सीटी किंवा मॅमोग्राफीकडे वळायचे असेल तर पाया हाच.

पूर्णवेळ नोकरी सोडता येत नसेल, किंवा पहाटे साडेपाचला घराबाहेर पडताना मुलांकडे पाहायला कोणीही नसेल, तर मी आत्ताच प्रवेश घ्या असे म्हणणार नाही. आधीचे विषय संध्याकाळच्या वर्गांतून करून ठेवावेत आणि घडी बसल्यावर अर्ज करावा. बाकीच्यांनी माहितीसत्राला जाताना चार प्रश्न लिहून न्यावेत: रुग्णालये कोणती, प्रत्येकाला मोठे रुग्णालय मिळते का, वाटप किती आधी कळते आणि मागच्या तीन तुकड्यांत किती जण मध्येच सोडून गेले. आमच्या कॉलेजात अर्जापूर्वी आठ तास एखाद्या क्ष-किरण विभागात नुसते उभे राहून पाहणे सक्तीचे होते. सक्ती नसली तरी परवानगी मागून ते करावे. माझे पहिले सहा तास घोटे आणि मनगटे पाहण्यात गेले. सातव्या तासाला एक घाबरलेला लहान मुलगा आला, आणि टेक्नॉलॉजिस्टने त्याच्या हाताला स्पर्श करण्यापूर्वी गुडघ्यांवर बसून, त्याच्या अस्वलाचा पंजा ग्राहकावर ठेवून, अस्वलाचा ‘फोटो’ आधी काढल्यासारखे केले. मुलाने आपला हात स्वतःच पुढे ठेवला. एकाच वेळी प्रतिमा आली. त्या संध्याकाळी घरी येऊन मी अर्ज भरला.